तारीख न आठवणाऱ्या कुलूपवाल्याचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे, किल्ल्या घासून देणे व अडकलेली दारे उघडणे, धर्म ख्रिस्ती, राहणार याच घरात, आज रोजी राजीखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती वयाच्या मानाने बरी आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला आहे, कारण गेले काही आठवडे लोकांना तशी शंका येते आहे. मी रस्त्याने गुणगुणत चालतो. परवा औषधाच्या दुकानात रांगेत उभा असताना मला एकट्यालाच हसू फुटले, तेव्हा पुढच्या बाईंनी आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी माझी शुद्ध तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. 'सदर इसमाचा आनंद औषधामुळे नाही' असेही त्यात लिहा, अशी मी विनंती केली होती. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, ती तपासणी आमच्याकडे होत नाही."

कलम पहिले. मागचा मसुदा रद्द.

याआधी मी स्वतःच्या हाताने एक मसुदा लिहिला होता. तो भलामोठा होता. त्यात अटी होत्या आणि अटींना पोटअटी होत्या. तो मी रद्द करतो. तो सध्या वकीलबाईंच्या कचऱ्याच्या टोपलीत किंवा त्याहून पुढे कुठेतरी असेल. तिथे कसा गेला ते घराच्या कलमात येईल. वाचणाऱ्याने तोवर दम धरावा.

कलम दुसरे. आत्मा.

लोक मृत्युपत्रात घरापासून सुरुवात करतात. मी आत्म्यापासून करतो, कारण घराची मला कधी काळजी वाटली नाही आणि आत्म्याची मात्र उभा जन्म वाटली.

माझ्या आईवडिलांनी मला तान्हेपणीच चर्चमध्ये नेले. मला कळायला लागले तेव्हापासून माझा ख्रिस्तावर विश्वास आहे. तो नव्हता असा दिवस मला आठवत नाही. सगळा घोळ इथेच आहे. विशीत असताना मी एका मंडळीच्या, म्हणजे दुसऱ्या एका चर्चच्या, प्रार्थनेला जाऊ लागलो. तिथे एक गृहस्थ होते, पेशाने भूगोलाचे मास्तर, उंच, आवाज खणखणीत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारले, "तुमची तारीख?"

मी जन्मतारीख सांगितली.

ते हसले. "ती नव्हे हो. नव्या जन्माची. तारण कुठल्या दिवशी झालं?"

"मी लहानपणापासूनच मानतो," मी म्हणालो.

"लहानपणापासून म्हणजे नक्की कुठल्या दिवसापासून?"

मी मनात वर्षे मोजू लागलो. तेव्हा ते प्रेमाने, अगदी प्रेमानेच, म्हणाले, "ज्याला आपल्या जन्माची तारीख ठाऊक नाही, तो जन्मलाय की नाही हे कोणी सांगायचं?"

त्यांना स्वतःची तारीख तोंडपाठ होती. सभेत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहिले की ते ती दिवस, वार आणि हवामानासकट सांगत. मंडळीत सगळे त्यांना तारीखबंधू म्हणत, आणि त्यांना ते आवडे. त्यांच्या प्रश्नाला उत्तर असे होते की जन्माची तारीख कोणालाच आठवत नसते, ती दुसऱ्या कोणीतरी आपल्याला सांगितलेली असते. पण हे मला सुचले ते केस पांढरे झाल्यावर.

तोवर माझ्या मनात कायमची धाकधूक बसली. बाहेरगावचा कोणी वक्ता आला आणि सभेच्या शेवटी म्हणाला, "डोळे मिटा, आणि ज्यांना आज प्रभूचा स्वीकार करायचा आहे त्यांनी हात वर करा," की माझा हात वर. दर वेळी. मनात म्हणायचो, मागच्या वेळी नीट मनापासून झाले नसेल तर? बायको शेजारी बसलेली असायची. ती डोळे न उघडता माझी बाही धरून हात खाली ओढायची आणि पुटपुटायची, "अहो, परवाच तर केलात ना स्वीकार." एकदा आमचे धर्मगुरू, पाळकसाहेबच, व्यासपीठावरून म्हणाले, "एक हात दिसतोय, प्रभूचं नाव धन्य असो," मग डोळे किलकिले करून पाहिले आणि म्हणाले, "अच्छा, तुम्ही होय."

दुकानाचेही तसेच. कुलूप लावायचे, चार पावले जायचे, परत येऊन ओढून पाहायचे. कुलूपवाल्यानेच असे केलेले गिऱ्हाइकाने पाहिले तर धंदा बसेल, म्हणून मी काहीतरी विसरल्याचे सोंग करायचो.

तर, आत्म्याची व्यवस्था अशी: तो माझ्याकडे नाही. ज्याने आपला जीव देऊन तो घेतला त्याच्याकडे तो आहे, आणि तो परत मागण्याचा वा तपासून पाहण्याचा माझा सर्व हक्क मी सोडतो.

कलम तिसरे. बाप्तिस्म्याचे दाखले.

हे तीन आहेत. पहिला तान्हेपणीचा. दुसरा शहराबाहेरच्या तळ्यातला, तारीखबंधूंनी मनात घातलेल्या धाकधुकीचा. तिसरा माझ्या मेहुणीच्या मंडळीतला. तिथे हौदात कोमट पाणी असते असे कळले होते, आणि दुसऱ्या वेळी मी गारठलो होतो. त्या हौदात माझा पाय घसरला. मी आधारासाठी पाळकांना धरले, आणि आम्ही दोघेही पाण्याखाली गेलो. मंडळीने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले आमच्या मंडळीत अशीच पद्धत असावी.

घरी येताना बायकोने विचारले, "आता तरी झालं ना समाधान?"

मी म्हणालो, "हो." ते दोन दिवस टिकले.

यातला खरा कोणता यावर दोन पाळकांत मतभेद आहेत. एक म्हणतात पहिला, दुसरे म्हणतात दुसरा. तिसऱ्याच्या बाजूने मेहुणीखेरीज कोणी नाही, म्हणून तिसरा दाखला मेहुणीला द्यावा. पहिले दोन मुलीने जवळ ठेवावेत. चौथ्याची गरज नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

कलम चौथे. बायकोच्या वस्तू.

तिची अंगठी, तिचे बायबल, तिचे शिवणाचे मशीन आणि तिचा लोकरीचा करडा स्वेटर हे सर्व मुलीला. स्वेटर धुऊ नये.

ती जाऊन तीन वर्षे झाली. तिचा विश्वास तिच्या झोपेसारखा होता, गाढ. मी अंथरुणावर तळमळत असताना ती शेजारी शांत घोरायची आणि मला तिचा राग यायचा. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसून एकच प्रश्न विचारत राहिलो. लाज वाटते सांगायला, धीर तिला द्यायचा तर तोच मी तिच्याकडे मागत होतो.

"तुला खात्री आहे ना गं?"

"आहे."

"पण कशी? तू स्वतःच्या मनात काय बघतेस म्हणजे खात्री वाटते?"

तिला हसू आले आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाली, "अहो, मी माझ्या मनात बघतच नाही. तिथे बघण्यासारखं काय आहे? माझ्या हातात आता पेला राहत नाही, मी देवाला काय धरून ठेवणार? त्यानंच मला धरलंय. आता पाणी पाजा."

मी पाणी पाजले. त्याच आठवड्यात ती गेली.

त्यानंतरची तीन वर्षे माझी कशी गेली हे मुलीलाही नीट माहीत नाही. नरकाच्या आगीची मला भीती वाटत नव्हती. मला एवढेच दिसायचे की एक दार आहे, बायको आत गेली आहे, मी बाहेर आहे, आणि माझ्या सगळ्या हत्यारांनी ते उघडत नाही. तिला पुन्हा भेटता येणार नाही या विचाराने मी दुकानात खाली मान घालून किल्ल्या घाशी, म्हणजे गिऱ्हाइकाला डोळे दिसू नयेत.

कलम पाचवे. घर.

हे घर मी व बायकोने स्वकष्टाने घेतले. खाली दोन खोल्या, वर एक, मागे फरशीचे छोटे अंगण. त्यावर कोणाचा बोजा नाही. ते संपूर्ण, आतल्या सामानासकट, माझ्या एकुलत्या एका मुलीला मी देतो. अट कोणतीही नाही.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवून दोन्ही हात एकमेकांवर चोळले, इतका आनंद झाला. कारण सांगतो.

शस्त्रक्रिया ठरल्यावर मी तो जुना मसुदा घेऊन वकीलबाईंच्या कचेरीत गेलो. मुलगी गाडी चालवायला म्हणून सोबत होती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या ढिगांत दोन खुर्च्या, एक पंखा. वकीलबाई देवाधर्माच्या भानगडीत न पडणाऱ्या, तरुण, चष्मा कपाळावर चढवून वाचणाऱ्या. त्यांनी माझ्या अटी मोठ्याने वाचल्या. मुलीने दर रविवारी मंडळीत जावे, एक वर्षाआड घराला रंग द्यावा, माझ्या भावाशी वाद घालू नये, आईचे थडगे स्वच्छ ठेवावे, आणि तिचे वागणे एकंदरीत समाधानकारक असावे, तर घर तिचे.

"समाधानकारक म्हणजे किती?" वकीलबाईंनी विचारले.

"ते कसं सांगणार?"

"मग घर आपलं झालं की नाही हे तिला कधी कळणार?"

मी विचार केला. "तसं पाहिलं तर, कधीच नाही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर उतरवून माझ्याकडे पाहिले. "आजोबा, ही तुमची मुलगी आहे की भाडेकरू?"

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी घाईने खुलासा केला की तसे नव्हे, ती दत्तक आहे, पुढे कोणी हरकत घेऊ नये म्हणून सगळे पक्के करायचे आहे.

"मग दत्तकाच्या हुकुमाची तारीख सांगा."

मला आठवेना. मी मुलीला विचारले, "तुला ठाऊक आहे का गं?"

ती वळली. "मला काय विचारता पप्पा? मी झोपले होते."

ते अगदी खरे होते. ती आठ महिन्यांची होती. न्यायाधीश काय काय विचारत होते, आम्ही दोघे घाबरून 'हो जी, हो जी' करत होतो, आणि ही आईच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती. हुकूम वाचून दाखवला तेव्हा न्यायाधीशांनी तिच्याकडे बघून आवाज खाली आणला होता.

"पण मग," मी वकीलबाईंना म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "हिला ती तारीख आठवत नाही, त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, तर हिचा हक्क त्यानं कमी होतो का?"

"हक्क आठवणीवर चालत नाही आजोबा. अर्ज तुमचा, सही न्यायाधीशांची. हिनं काय करायचं होतं? हिला घेतलं, ही तुमची झाली. तारखेची नक्कल आपण कचेरीतून काढू."

आणि मला हसू फुटले.

आधी खुसखुस, मग मोकळे, मग असे की पोट धरून खुर्चीवर वाकलो. डोळ्यांतून पाणी, वर उचकी. वकीलबाईंना वाटले हृदयाचा झटका आला. त्या पाणी आणायला धावल्या. मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत "पप्पा, काय झालं, पप्पा" करत होती. मला सांगायचे होते की मीही झोपलो होतो, बाळा, मीही त्या दिवशी खांद्यावर लाळ गाळत झोपलो होतो आणि तरी देवाने मला घेतले. पण उचकीमुळे "मी पण, मी पण" एवढेच बाहेर पडत होते. मसुदा मी स्वतः उचलून टोपलीत टाकला.

गाडीत बसल्यावर तिला सगळे नीट सांगितले. सिग्नल हिरवा झाला तरी ती तशीच थांबली होती, मागचे लोक भोंगे वाजवत होते.

"पप्पा, हे तर आई तुम्हाला रोज सांगायची."

"सांगायची," मी म्हणालो. "मी ऐकलं आज."

संध्याकाळी जावयाने जेवताना खोचक प्रश्न काढला. तो हिशेबतपासनीस आहे, त्याचे मन तसेच चालते. "पप्पा, पण कसलीच अट नाही म्हटल्यावर माणूस वाट्टेल तसं वागेल की. तारण फुकट, मग चांगलं कशाला वागायचं?" मी घास गिळतो तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मला घेतल्याचं मला सातवीत असताना कळलं. त्या दिवसापासून मी काय घरातल्या बशा फोडायला लागले?" जावयाने तिच्याकडे पाहिले आणि भाजी वाढून घेतली.

कलम सहावे. दुकानाची हत्यारे.

किल्ल्या घासण्याचे मशीन, पकडायचा व्हाइस, सगळ्या कानशी, उघडण्याच्या तारांची जुडी आणि कोऱ्या किल्ल्यांचा साठा हे सर्व समोरच्या नाक्यावरच्या कुलूपवाल्याला द्यावे. होय, त्यालाच. माझे दुकान त्याच्या नाकासमोर असताना त्याने आपल्या पाटीवर 'भागातील एकमेव खात्रीशीर कुलूप कारागीर' असे रंगवून घेतले, आणि त्यावरून आमचे बोलणे बंद झाले. माझ्या पश्चात ती पाटी अखेर खरी होईल. मी त्याला आणखी काय द्यावे?

आमचे बोलणे सुरू कसे झाले तेही लिहितो. वकीलबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानातून निघालो तो गाणे म्हणत निघालो आणि कुलूप ओढून पाहायला वळलो नाही. घरी मजेत झोपलो. सकाळी आलो तर शटरला भलतेच कुलूप. तेव्हा उमगले की मी कुलूप ओढून पाहायचे विसरलो नव्हतो, लावायचेच विसरलो होतो. शटर अर्धवट उघडे पाहून समोरच्याने ते खाली ओढून स्वतःचे कुलूप घातले होते, आणि तो आपल्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

ते कुलूप मी चुटकीसरशी उघडले असते. तो त्याचीच वाट पाहत होता. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, "किल्ली द्याल का?"

त्याचे तोंड उघडेच राहिले. मग किल्ली काढत म्हणाला, "आधी सांगा, कुलूप कसं आहे?"

"पक्कं आहे."

"हे लिहून द्याल?"

दिले लिहून. त्याने ते काचेत लावले आहे.

एक गंमत मात्र या धंद्यातल्या माणसालाच कळेल, म्हणून त्याच्यासाठी इथे लिहून ठेवतो. आपण उभा जन्म चोरांना बाहेर ठेवण्यात घालवला. आणि प्रभूने आपल्या शेजारच्या वधस्तंभावरून ज्याला पहिल्यांदा सोबत नंदनवनात नेले, तो चोर. त्याच्याकडे ना दाखला, ना चांगले वागायला उरलेला वेळ, ना हात वर करायची सोय. हातच खिळलेले. नुसते मागितले, आणि आत.

कलम सातवे. बँकेतली शिल्लक, आणि तारीखबंधू.

दवाखान्याचे देणे भागवून जे उरेल त्यातले निम्मे मुलीला. निम्मे तारीखबंधूंच्या सुनेला, कारण ती त्यांची सेवा करते आणि तिला मदतीला बाई ठेवायची आहे.

हे वाचून माझ्या मेहुणीला आश्चर्य वाटेल, कारण तारीखबंधूंबद्दल मी काय काय बोललो ते तिने ऐकले आहे. खरे सांगतो, त्यांच्याकडे मी गेलो तो त्यांना चांगले सुनवायला गेलो. वाटेत वाक्ये जुळवली होती. 'मास्तर, तुमच्या एका प्रश्नानं माझी झोप नेली' असे सुरू करून शेवटी वकीलबाईंचे उत्तर त्यांच्या तोंडावर मारायचे, असा बेत होता. खूप वर्षांत भेट नव्हती. ते मंडळीत येत नाहीत एवढे ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते.

सुनेने दार उघडले. आतल्या खोलीत ते पलंगाच्या कडेला बसले होते. सदऱ्याची बटणे वरखाली लागलेली, आणि गालांवरून पाणी ओघळत होते. सून म्हणाली, "सकाळपासून एकच चाललंय. काय हरवलंय ते मला कळतच नाही. कॅलेंडर आणून दिलं, तर फेकून दिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओळखले नाही. "तुम्ही पाहिली का हो माझी तारीख?" ते म्हणाले. "इथेच होती. मी तिथे गेल्यावर विचारतील, आणि मला सांगता येणार नाही. मग आत कसं घेतील?"

मी जुळवलेली सगळी वाक्ये सोडून दिली. त्यांची तारीख मला पाठ होती. उभ्या हयातीत ती किती वेळा ऐकली होती. मी शेजारी बसलो आणि त्यांना त्यांचीच साक्ष सांगितली, दिवस, वार, हवामानासकट. त्यांचा चेहरा उजळला. पाण्याचा घोट घेतला, आणि पेला खाली ठेवेपर्यंत तारीख पुन्हा हरवली. पुन्हा सांगितली. पुन्हा हरवली. तिसऱ्यांदा ते रडू लागले तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"मास्तर, तारीख राहू द्या. ती तुम्हाला आठवायची गरज नाही. ज्यानं तुम्हाला घेतलं त्याला ती ठाऊक आहे. तुम्ही त्याचे आहात."

त्यांनी माझी बोटे घट्ट धरली. मग विचारले, "खात्री आहे?"

मला. त्यांनी हे मला विचारले.

"खात्री आहे," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि मी तो मागे वळून ओढून पाहिला नाही. ते शांत झाले. मी त्यांची बटणे नीट लावून दिली. थोड्या वेळाने ते मान टाकून झोपले आणि सुनेने मला कॉफी दिली. आम्ही दोघे स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच काहीही कारण नसताना हसत होतो.

आता मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो. माझ्यामागे मुलीने किंवा जावयाने जावे आणि त्यांना 'तुम्ही त्याचे आहात' एवढेच वाक्य सांगावे. जमेल तेव्हा जावे. ही विनंती आहे. अटी संपल्या.

कलम आठवे. किरकोळ रुसवे.

नळवाल्याकडे असलेले माझे ड्रिल त्याचेच समजावे. वरच्या गल्लीतल्या शिंपिणीने माझ्या कोटाची एक बाही आखूड केली होती, ती मी हात वाकवून चालवून घेतली. तिला माफ आहे. ज्या पाळकसाहेबांनी "अच्छा, तुम्ही होय" म्हटले त्यांना माफ करण्यासारखे काही नाही. ते बरोबर होते.

कलम नववे. दफन.

मला बायकोच्या शेजारी पुरावे. कोट तोच घालावा, हात सरळ ठेवावेत, आता बाही दिसली तरी चालेल. गाणी सावकाश ओढू नयेत. रडायचे त्याने रडावे, मलाही कोणी रडले नाही तर वाईट वाटेल. मात्र 'बिचाऱ्याला शेवटी खात्री वाटली असेल का' अशी मागच्या बाकावर कुजबुज करू नये. ज्याला विचारायचे त्याने मोठ्याने विचारावे, म्हणजे मुलीला मोठ्याने उत्तर देता येईल.

प्रामाणिकपणे हेही नोंदवतो की भीती पुरती गेलेली नाही. काल सकाळी दाढी करताना ती आली. 'हे सगळं तुझ्या मनाचंच खूळ असलं तर?' असे म्हणाली. मी पूर्वी तिच्याशी वाद घालायचो, माझे पुरावे काढून दाखवायचो. काल म्हटले, माझ्याकडे पुरावा नाही बाई, तू त्यालाच जाऊन विचार. आणि दुसरा गाल साबणाने माखला. दाढी होईपर्यंत ती होती, मग दिसली नाही. पुन्हा येईल. गुरुवारी सकाळी तर नक्की येईल. मला त्या खाटेवर ढकलत नेतील तेव्हा मी किती धीराचा दिसतो, यावर माझे काही अवलंबून नाही. हे कळल्यापासून खरे तर मला धीर आला आहे.

कलम दहावे. माझा थोरला भाऊ.

त्याला मी काही देत नाही. तसे त्याला कळवले आहे. आम्ही मुलगी आणली तेव्हा तो म्हणाला होता, "दुसऱ्याचं लेकरू आणून घर घराण्याबाहेर घालवणार तुम्ही." त्यानंतर तो लग्नकार्याला आला, माझ्या बायकोच्या मातीला आला, पण माझ्या मुलीला त्याने कधी नात्याने हाक मारली नाही. बोलायचे झाले तर 'तुझी ती' म्हणायचा. ती त्याच्यासमोर चहा ठेवायची आणि तो माझ्याकडे बघून "पुरे" म्हणायचा. हरकत कोणी घेतलीच तर तोच घेईल, या भयाने मी तो पहिला मसुदा अटींनी भरला होता.

या कलमात आणखी बरेच लिहायचे होते. पण सही करण्यापूर्वी जे घडले त्यामुळे ते खोडले आहे. खोडलेल्या ओळींशेजारी माझी आद्याक्षरी सही आहे.

सही व साक्ष.

वकीलबाईंनी बजावले होते की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. घेणाऱ्याने साक्ष केली तर त्याचा वाटा बुडतो. म्हणून समोरचा कुलूपवाला बाद झाला. त्याला फार वाईट वाटले, त्याने नवा शर्टही काढून ठेवला होता. शेजारचा चष्मेवाला तयार झाला. दुसरा कोणी सुचेना. तेव्हा हल्ली माझ्या डोक्यात जसे काहीही येते तसे आले, आणि मी भावाला फोन केला.

"दादा, मृत्युपत्र करतोय. तुला साक्षीदार म्हणून बोलावतोय. घर पोरीला दिलंय. साक्षीदाराला काही मिळत नाही, आणि सही केलीस की पुढे हरकत घ्यायला तोंड राहणार नाही. आधीच सांगतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटले ठेवला फोन.

"किती वाजता येऊ?" दादा म्हणाला.

तो आत्ता माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आहे. त्याने सगळे वाचले, दहावे कलमही, खोडण्याआधीचे. चष्मा पुसला. पुन्हा वाचले. "तारीख आठवत नाही म्हणून तू एवढी वर्षं झुरलास?" त्याने विचारले. "मला का नाही सांगितलंस? तुझ्या पहिल्या बाप्तिस्म्याला मी होतो. पाच वर्षांचा होतो. तू इतका रडलास की मी कानांत बोटं घातली होती."

मग त्याने माझ्या मुलीकडे हात पुढे केला आणि म्हणाला, "पोरी, पेन दे."

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी यावर सही केली आहे. माझा हात थरथरला तो हसण्यामुळे.

(सही) मृत्युपत्र करणारा, कुलूप कारागीर

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा चष्मेवाला. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत होता. हसत होता हे खरे आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ, आणि वारसदार मुलीचा मोठा काका.

('थोरला भाऊ' यापुढचे शब्द दुसऱ्या साक्षीदाराने स्वतःहून, स्वतःच्या अक्षरात वाढवले आहेत. ते कोणीही खोडू नयेत.)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ जून २०२२, मंगळवार